पाचोळ्याचे कंडक्टर

पालापाचोळ्याला ‘पुढं सरका’ म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भुजंगराव त्यांचं नाव. सत्तरच्या दशकात मी सेलूला शाळेत मास्तर होतो आणि आमच्याच गल्लीत हे भाड्याने राहत होते. एसटीचे निवृत्त कंडक्टर. म्हणजे महामंडळाने त्यांना निवृत्ती दिली होती, त्यांनी ती घेतलेली दिसत नव्हती.

सकाळचा चहा पोटात पडला की खांद्यावर पोतं टाकून ते दारोदार फिरत. ‘‘पाला हाय का, पाला?’’ कुणाच्या कडुलिंबाची पानगळ, कुणाच्या जास्वंदीची छाटणी, देवघरातलं निर्माल्य, सगळं त्या पोत्यात जायचं. मग घरामागच्या खड्ड्यात ते ओतायचं, वर शेणकाला शिंपडायचा आणि पायाने दाबत म्हणायचं, ‘‘चला, पुढं सरका. लय जागा हाय.’’ शेवटी पत्र्याचं झाकण लावून त्यावर काठीने दोन टोले. एक टोला म्हणजे गाडी थांबवा, दोन म्हणजे सोडा, हे एसटीत बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. खड्डा काही जागचा हलत नसे, पण डबल बेल दिल्याशिवाय यांना जेवण गोड लागत नसे.

नियम कडक होते. जाड फांदी पुढे केली की, ‘‘हे लगेज हाय. तोडून द्या.’’ बाभळीच्या काट्यांना तर प्रवेशच नाही. ‘‘ह्यो दुसऱ्या पाशिंजरांना टोचतो.’’ आणि कुणाच्या अंगणातून पाल्याचा धूर निघाला की हे अनवाणी धावत सुटत. एकदा आमच्या हेडमास्तरांनाच गाठून म्हणाले, ‘‘साहेब, खामखा कशाला जाळायलाव? तिकीट काढल्यालं पाशिंजर हाय ते!’’ साहेबांनी मुकाट्याने बादली ओतली.

खत तयार झालं की ते चाळून घरोघरी घमेलं पोचतं करीत. ‘‘तुमचे सुटे राह्यले व्हते,’’ म्हणायचे. नोकरीत त्यांनी लोकांचे सुटे परत केले होते की नाही देव जाणे, इथे मात्र एक घर चुकलं नाही. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या दारात एक रोपटं नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘‘जायचं असतंय ते पाशिंजरला. कंडक्टरला कुठं?’’

अशात घरमालकांनी खड्ड्याच्या जागी दोन खोल्या काढायचं ठरवलं. लवकरच खड्डा बुजवतो, असं सांगून गेले. गल्लीला वाटलं, आता कंडक्टर डेपो डोक्यावर घेणार. ते भांडले नाहीत. घरोघर फिरले, पोत्याशिवाय. ‘‘परसात जरा कोपरा हाय का?’’ खत सगळ्यांना हवं होतं, खड्डा कुणालाच नको होता. कुणाला वासाची भीती, कुणाला सापाची. नाही म्हणायचं ठरलं की माणसाला कारणांचा तोटा नसतो.

आमचं परस म्हणजे हात पसरले की दोन्ही भिंतींना लागावेत एवढं, म्हणून आमच्याकडे ते सगळ्यात शेवटी आले. हातात तिकिटांची जुनी पत्र्याची पेटी होती आणि पेटीत काळंभोर खत.

‘‘कोपरा न्हाई मागत, गुर्जी. एवढी पेटी ठिवा. वर पाणी शिंपडत जावा, वाळू देऊ नका. मला जागा घावली की नेतो.’’

‘‘अहो भुजंगराव, खतच ना? पुन्हा करता येईल.’’

‘‘हे विरजण हाय, गुर्जी.’’ ते पायरीवर बसले. जिंतूरच्या पलीकडे, पूर्णेच्या काठी त्यांचं गाव होतं. परसातला पहिला खड्डा त्यांच्या बायकोने केला होता. हे सदा गाडीवर, ती एकटी घरात. पुढे ती वारली, आणि मग गावही धरणात गेलं. ‘‘पाणी यायच्या आदी तिच्या खड्ड्यातलं घमेलंभर उचललं. बदली हुईल तिथं नवा खड्डा खांदला अन् त्यात हेच टाकलं. तिच्या हातचं हाय. जितं हाय अजून.’’

दाराशी ऐकत बसलेली आमची ही उठली. परसातली कपड्यांची दोरी सोडली, पाण्याचा रांजण भिंतीकडे ढकलला आणि म्हणाली, ‘‘काका, पुढं सरका. लय जागा हाय.’’

आम्ही मिळून खड्डा खणला. भुजंगरावांनी पेटी तळाशी उपडी केली, वर आमच्याच पेरूची पानं पसरली आणि झाकण लावलं. मी डबल बेलची वाट पाहत उभा होतो. त्यांनी पत्र्यावर काठीने हळूच एकच टोला दिला.