जिव्याच्या कोंबड्याने न्यायासन राखिले त्याची हकीकत

श्रीवाघदेव प्रसन्न. जव्हार संस्थानी नगरपालिकेच्या निवडणुकीचे वर्ष असता मौजे दाभोसा येथील जिव्या याचे लाभाचा अदमास ऐसा जे, कज्जा जिंकिला तर लाल तुऱ्याचा कोंबडा हाती येणार आणि तो वाघबारशीस वाघदेवाचे ठाण्यावर चढणार आणि वर्षभर गुरांस वाघाचे भय न राहणार. हरला तर देव उपाशी, आणि मग वाघ गोठ्यात.

कज्ज्याचे मूळ हे की, जिव्याची अंडी शेजारी काळ्या याचे खुडूक कोंबडीखाली उबविली, रिवाजाप्रमाणे पिले निम्मी-निम्मी ठरली. मग घारीने बाकी पिले उचलिली आणि एकच कोंबडा उरला. खालचे कचेरीने हात टेकिले. कोंबडा जप्त होऊन थोरले न्यायासनापुढे रुजू जाहला, तो न्यायाधीशाची खुर्चीच रिकामी! सबब त्यास खुर्चीचे पायास बांधिले.

जिव्या रिकाम्या हाते घरी येता बायको पोशी वदली, "कोंबडा सरकारात ठिवून आलास? उद्या मलापण ठिवशील!"

न्यायाधीशाची शिफारस नगरपालिकेने करावी ऐसा दरबारचा दस्तूर. तेव्हा नगरपालिकेत ज्यांचे पक्षाचे वजन ते अण्णाराव म्हणत, नेमणूक मतदानापूर्वीच व्हावी. आणि विरुद्ध पक्षाचे दाजीसाहेब म्हणत, रयतेचा कौल घेतल्यावाचून नेमणूक म्हणजे जुलूम. मागील निवडणुकीस वजन दाजीसाहेबांकडे होते, तेव्हा हेच दोघे नेमके उलट गर्जले होते; आणि परस्परांची जुनी भाषणे परस्परांस ऐसी मुखोद्गत की सभेत एकमेकांचीच म्हणून दाखवीत.

इकडे कोंबडा खुर्चीवर चढून बसला. त्यास उतरविणे म्हणजे खुर्चीस हात घालणे, आणि हात घालणे म्हणजे पक्ष घेणे, म्हणून चोपदारही दुरून मुजरा करी. वाघबारस जवळ येता जिव्या काकुळतीस आला, "साहेब, न्याय ऱ्हाऊ द्या, कोंबडा तेवढा द्या."

न्यायासनाचे कारकून पेशकार म्हणाले, "खुर्चीत कोण बसलंय ते दिसतंय ना? त्यालाच विचार."

अखेर मोठी मसलत होऊन तह ठरला: नेमणूक मतदानापूर्वी नको आणि नंतरही नको, मतदान चालू असताच व्हावी, आणि दोन्ही पक्षांस सारखेच नापसंत असे वृद्ध बाबासाहेब गादीवर बसवावे. मग खुर्ची मोकळी करोन कोंबडा मुदपाकखान्यात रवाना जाहला, आणि पक्षांच्या पंक्तीस पंक्त लागली.

तिसरे प्रहरी निवाडा जाहला की, घारीने नेली ती पिले काळ्याची, उरला तो जिव्याचा.

जिव्या हरखला. "मंग माझा कोंबडा?"

बाबासाहेब मिशीस लागला रस्सा पुसते जाहले. दोन्ही पक्षांनी एकमते ठराव केला की, कोंबडा जिव्याचा, तस्मात् मेजवानीही जिव्याची, यजमानाचे आभार.

घरी पोशीने अंड्यावरची कोंबडी पाय बांधून पुढे केली. "जिंकलास ना? धर आता."

येणेप्रमाणे जिव्याची फत्ते दप्तरी नोंदिली. अण्णारावांस एक तंगडी पावली, दाजीसाहेबांस दुसरी, न्यायासनास न्यायाधीश. वाघदेवाचे देणे मात्र पोशीचे कोंबडीने फेडिले. ती कोणत्याही पक्षाची नव्हती.