सबनीसकाकांची काळजी

करंजाड्याच्या आमच्या सोसायटीत जिन्यात कोणी नुसतं शिंकलं, तरी समोरचे सबनीसकाका दार उघडून विचारतात, "कधीपासून आहे?"

काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू गेलेल्या, एकुलती एक मुलगी पुण्यात. दुसरा उद्योग नाही म्हणून काळजी करतात, असं आम्ही धरून चाललो होतो. मी कोकणात निघालो की कर्नाळा यायच्या आत त्यांचा फोन. "टायर गरम नाहीत ना झाले?" आता धावत्या गाडीतून टायर चाचपू कसे? वर हे ठरलेलं, "नाही, आपलं विचारून ठेवलं."

छाती धडधडते म्हणून पनवेलातल्या एकूण एक दवाखान्यात त्यांनी ईसीजी काढलाय. नॉर्मल म्हटलं की हा माणूस खट्टू! "मशीन जुनं असेल." शेवटी आमच्या डॉक्टरांनी हात जोडले. "काका, हृदय ठणठणीत आहे. पण झोप नाही, हात थरथरतात, महिनोन् महिने हेच. काळजीचाही आजार असतो, तो बरा होतो. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा."

"म्हणजे मी वेडा?" काका तरातरा निघून आले, आणि पुढे त्या रस्त्यालाच फिरकले नाहीत.

परवा मात्र स्वतःच माझी बेल वाजवली. "जाधव, चल रे. त्या तज्ज्ञांकडे."

तिथे काउंटरवरच्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं, तर या गृहस्थांनी बेधडक माझं नाव सांगितलं! "फार घाबरट आहे हो. मी आपला सोबतीला."

बाकावर आमचे किराणावाले मुल्लाभाई बसलेले. "या जाधवसाहेब, शरमायचं काय त्यात! मी पण येतो. आधी दुकानात बसायची पण धास्ती वाटायची मला."

मी दातओठ खाल्ले. काका मात्र त्यांच्याकडे सरकले. "झोप लागते आता?"

"लागते. अल्लाचा शुक्र आहे."

माझ्या नावाचा पुकारा झाला. दोघंही आत गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "काय होतंय?" मी काकांकडे बघितलं. ते टेबलाकडे बघत होते.

"मुलीचं ऑपरेशन झालं," काका म्हणाले. "ती घरी आल्यावर मला कळवलं. म्हणाली, बाबा, तुम्ही किती घाबरता, तुम्हाला सांभाळू की स्वतःला? आता फोनवर सगळं छान आहे म्हणते. रोज छानच."

मी उठून पेशंटच्या खुर्चीत काकांना बसवलं.

"माझी भीती राहिली थोडी तरी चालेल, डॉक्टर," काका म्हणाले. "पण दुखलंखुपलं तर पोरीनं मला सांगावं, एवढं तरी होईल का?"