मुराळी मदरबाई

आमच्या ओट्यावर पांढऱ्या झग्यातली गोरी बाई मांडी ठोकून बसली होती आणि पाण्याच्या तांब्याला हात लावत नव्हती. "पानी मंग पिसू. पहिले पोर धाडा," एवढंच म्हणे. सारं गाव बघायला लोटलं.

ही जळगावच्या सिस्टरांच्या मुलींच्या शाळेची मोठी मदर. आम्ही मदरबाई म्हणायचो. आली समुद्रापलीकडून. शुद्ध मराठी शिकवायला पंडित ठेवला होता म्हणे, पण बाईनं बोली उचलली ती भाजीवालींची आणि गाडीवानांची. देवाशीसुद्धा अहिराणीतच भांडत असणार.

माझी बायको सुभद्रा त्या शाळेत वाढली. मायबाप प्लेगात गेले. मामानं तिला शाळेतून उठवलं आणि माझ्या गळ्यात बांधलं. लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके घेतात. न्यायला बाप नाहीतर भाऊ येतो, तो मुराळी. माझी माय सुभद्राला टोचून म्हणाली, "तुले लेवाले कोन यी?" आणि दुपारी छकड्यातून मदरबाई उतरली.

आबा, म्हणजे माझा बाप, म्हणाला, "बाई, मुराळी पुरुष असतो."

"पागोटं आना, बांधस!" मदरबाई म्हणाली.

आबा हरला. पोर गेली.

चार दिवसांनी सुभद्रा आली तर हाताला मेंदी नाही, बोटाला शाई. झोक्यावर शाई कुठून आली, विचारलं तर हात पदराखाली. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी मी गुपचूप छकड्यामागे गेलो.

शाळेच्या कडुनिंबाला झोका होता खरा, पण त्यावर चिटपाखरू नाही. खाली दहाबारा सासुरवाशिणी, डोक्यावर पदर, खाली माना, पेपर लिहितायत! एकीचं तान्हं खांद्यावर घेऊन मदरबाई पहारा देत होती. लग्न करून गेलेल्या पोरींसाठी वर्षाची परीक्षा तिनं खुशाल आखाजीवर ढकलली होती. मी दिसताच म्हणाली, "जवाईबापू, कल्ला नका करू. झोकावर बठा."

मी बसलो. आखाजीचा झोका घेतलेला जावई साऱ्या खानदेशात मी एकटाच.

घरी एक अक्षर बोललो नाही. मायला कळलं असतं तर शाळा तिथंच संपली असती. सुभद्रा शेवटच्या इयत्तेपर्यंत पोचली. मी दुसरीतून पळालेला. हे जे लिहितोय ते तिनंच चुलीपुढं शिकवलं. चुकलं की कान धरायची, थेट मदरबाईसारखा.

परीक्षा संपल्या तरी मदरबाई दर आखाजीला यायचीच. पुढं तिचे गुडघे गेले, मग मीच सुभद्राला पोचवायला लागलो. एकदा परतताना सुभद्रा म्हणाली, "मदरबाई एकोणिसाव्या वर्षी घरातून निघाली. तेव्हापासून तिला न्यायला कोणी आलं नाही."

मी म्हटलं, "तिला कुठं सासर आहे?"

तिनं गाडीतच माझ्याकडे पाठ फिरवली. मी असाच आहे, तोंडाचा फाटका.

या माघात सुभद्रा गेली. आखाजी आली. सुभद्रा शाळेतून परतली की घरीही झोका घ्यायची, तो दर वर्षी मीच बांधायचो. हाताला सवय, यंदाही बांधला. मग तो वाऱ्यानं एकटाच हलायला लागला. बघवेना. गाडी जुंपली, जळगाव गाठलं, शाळेच्या फाटकात मांडी ठोकून बसलो. एका तरण्या सिस्टरनं तांब्या आणला.

म्हटलं, "पाणी नंतर. आधी लेक धाडा."

"कोणती लेक?"

"ती म्हातारी. तिला माहेरी न्यायला आलोय."

मदरबाई काठी टेकत आली. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. गाडीतल्या रिकाम्या जागेकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग आत गेली आणि एवढीशी पिशवी घेऊन आली. गाडीत चढताना म्हणाली, "झोका बांधेल शे का?"

"बांधेल शे," मी म्हटलं, आणि मग तांब्या तोंडाला लावला.