बर्फखान्याची वाटणी आणि वीस हाती गोधडीची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. वास्तुपुरुष आधी रुष्ट, मागाहून प्रसन्न. नगरीतील नव्या सुनांनी पुसिले की, "आजी, त्या पडक्या बर्फखान्यात तुम्ही सगळ्या रोज जाऊन करता तरी काय?" त्यांस तोंडी सांगू जावे तर त्या मध्येच फोन घेतात, म्हणोन जे डोळां देखिले, कानीं ऐकिले आणि अंगाशी आले ते यथास्थित लिहिले आहे. अधिकउणे आढळेल ते वयाचे खाती मांडावे.

पूर्वी या नगरीत बर्फाचे राज्य होते. वेशीबाहेर दगडी बर्फखाना, त्याच्या भिंती हत्ती आडवा निजावा ऐशा जाड, आत यंत्र अहोरात्र घुमे आणि पहाटे भोंगा होई, मग गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या बैलगाडीत बसून सरदारांसारख्या लग्नघरी जात आणि आम्ही परकऱ्या पोरी गाडीमागे धावत असू, की एखादी लादी निसटावी आणि तुकडा हाती लागावा. त्या तुकड्यास लाकडी भुशाची चव असे. त्या चवीचे सरबत पुढे कोठेही प्यालो नाही. मग घरोघर फ्रीज अवतरला, बर्फाचे राज्य वितळले, मालक परमुलखी गेले, इमारत नगरपालिकेकडे आली आणि नगरपालिका ती विसरून गेली. पारव्यांनी तेवढे ठाणे बसविले.

शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी नगरीत कलावंतांची एक फौज होती. फौजेची मोजदाद ऐशी की, मंदाताई टिपणीस चित्रे काढीत आणि चित्र फसले की उजेडास दोष देत. कुमुदिनी हर्डीकर गात आणि शेजारी खिडक्या लावून घेत. पोस्टातून निवृत्त जाहलेले केशवराव दंडवते आगकाड्यांचे किल्ले बांधीत. हलीमाआपा मुजावर कागदाची फुले करीत, ती इतकी खरी की भुंगे फसत. आणि आम्ही मातीचे मुखवटे घडवीत असू. आमच्या हातून राम घडविला तरी आमचे सासरे होत आणि सीता घडविली तरी सासरेच होत. सर्वांचे गाऱ्हाणे एकच की, "जागा नाही हो, जागा असती तर काय काय केलं असतं!" ऐसे तीस वर्षे म्हणत आलो आणि जागा नव्हती तोवर आमची कीर्ती सुरक्षित होती.

या फौजेच्या सेनापती सत्यभामाबाई वाघमोडे, नगरशाळेच्या माजी मुख्याध्यापिका. त्यांस पाहून नगरीचे आजी-माजी नगराध्यक्ष अद्याप शर्टाची वरची गुंडी लावितात. बाई गोधडी शिवीत. गोधडी म्हणजे पांघरावयाची नव्हे, तर वीस हात लांब आणि वीस हात रुंद ऐसा एक मुलूखच. दोन खोल्यांचे घर, त्यात मांडीवर मावेल तितका भाग घेऊन शिवायचा आणि उरलेली गोधडी पलंगाखाली, पलंगावर आणि मग पलंगाऐवजी राही. आरंभ करून पंचवीस वर्षे जाहली, पण ती उघडी सबंध कशी दिसते ते खुद्द बाईंनीही पाहिले नव्हते. एकदा शाळेच्या मैदानात पसरू गेल्या, तो वावटळ आली आणि मागोमाग कोणाची शेळी आली, तेव्हा बाईंनी पण केला की पसरीन तर छपराखालीच. मंगल कार्यालय पाहिले, तो मध्ये खांब निघाले. त्यात दिवाळीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की काचबिंदू आहे, नजर कडेकडेने मिटत येईल आणि गेली ती परत येणार नाही. बाईंनी हे आम्हांस हजेरी घ्यावी तैसे सांगितले. "रडू नका. मी रडत नाही, तर तुम्हांला काय झालंय? मला ती एकदा सबंध बघायची आहे, बस. छप्पर शोधा."

मग मसलत जाहली आणि बर्फखाना आठवला. आम्ही सर्व नगराध्यक्षांचे भेटीस गेलो. ते बोलिले, "बाई, तिथं विंचू असतील." सत्यभामाबाई बोलिल्या, "तुझ्या दप्तरातसुद्धा असायचे. किल्ली आण." किल्ली आली.

मग मोहीम जाहली. झाडू, फावडी, फिनेल आणि डबाभर थालीपीठे घेऊन फौज आत शिरली. पारव्यांशी युद्ध आठवडाभर चालिले, आम्ही एकीकडून हाकलावे आणि त्यांनी दुसरीकडून यावे, शेवटी तह जाहला की वरच्या तुळया त्यांच्या आणि खालची जमीन आमची. विंचू एकच निघाला, तो केशवरावांकडे पाहून आपण होऊन गेला. मग आतला दालनमहाल दृष्टीस पडला. लाद्या बनविण्याचा हौद कधीचाच बुजविलेला, वर छप्पर शाबूत, मध्ये एकही खांब नाही आणि एका अंगास लोखंडी जिना चढून सज्जा. बाईंनी पावलांनी मोजिले आणि म्हणाल्या, "मावते." त्यांचा आवाज ऐसा आम्ही कधी ऐकिला नव्हता.

तेच दिवशी गोधडी आणिली असती तर ही बखर येथेच सरती. पण आम्ही कलावंत. जागा मिळताच आम्हांस प्रथम जी गोष्ट सुचली ती वाटणी. मंदाताई म्हणाल्या, "उत्तरेची भिंत माझी, चित्राला उत्तरेचाच उजेड लागतो." केशवराव म्हणाले, "मला वारा न लागणारी जागा द्या, माझा किल्ला हलका आहे." कुमुदिनीने लगतची बर्फ साठविण्याची खोली घेतली, तिला खिडकी नाही आणि दार चार बोटे जाड, आत तानेवर तान घेतली तरी बाहेर निःशब्द. त्या वाटणीवर कोणीही हरकत घेतली नाही. उरलेल्यांत हातभर जमिनीवरून ऐसे रण माजले की शेवटी सत्यभामाबाईंनीच खडू घेतला, फरशीवर रेघा ओढिल्या आणि प्रत्येकास खण दिला. मग सुतार आला आणि रेघांवर प्लायवूडच्या फळ्या उभ्या राहिल्या. बाई म्हणाल्या, "माझ्या गोधडीच्या दिवशी फळ्या काढायच्या. कबूल?" आम्ही एकमुखाने म्हणालो, "कबूल, बाई." शाळेत कबूल म्हणत असू तैसेच म्हणालो.

मग माघ महिना आला. बाई चालताना कोपऱ्यांस धडकू लागल्या होत्या. त्या एके सकाळी आल्या आणि म्हणाल्या, "उद्या पसरू."

तेव्हा जे उत्तर मिळाले ते लिहिताना लेखणी लाजते, पण बखरीस लाज नसावी. मंदाताई म्हणाल्या, "बाई, रंग ओला आहे हो, आठवडाभर थांबा ना." केशवराव म्हणाले, "फळी हलली तर बुरूज ढासळेल. परवा करू, बुरुजाचा डिंक वाळू द्या." हलीमाआपा म्हणाल्या, "मी काढते, पण एकटीची काढून काय होणार?" आम्ही म्हणालो, "मुखवटा ओला आहे." तो पंधरवड्यामागेच वाळला होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून सासरे आमच्याकडे पाहत होते. बाईंनी एकेकाकडे मान वळवून पाहिले, कारण बाजूचे आता त्यांस मान वळविल्याविना दिसत नव्हते, आणि "बरं" इतकेच म्हणून गेल्या. त्यांनी छडी मारिली असती तर आम्हांस बरे वाटते.

मग वास्तुपुरुष कोपला. मंदाताईंस उत्तरेची भिंत मिळाली होती, पण त्या भिंतीस खिडकीच नव्हती. बर्फखान्यास उजेड कशास हवा? त्यांनी गवंडी बोलाविला. गवंड्याने हातोडीने ठोकून पाहिले आणि म्हणाला, "ताई, भिंत दुहेरी वाटते. मधे काहीतरी भरलंय. विचारून फोडू या." मंदाताई म्हणाल्या, "कुणाला विचारतोस? फोड. माझा उजेड अडलाय." गवंड्याने फोडिली. आता थंडी आत राहावी म्हणोन जुन्या मालकांनी दोन भिंतींमध्ये छपरापर्यंत भाताचे तूस ठासून भरिले होते, ते कोणास ठाऊक? आधी मूठभर तूस आले, मग सूपभर आले, मग भिंतीने तोंड उघडले आणि तुसाचा लोंढा आत शिरला. मंदाताई गुडघाभर रुतल्या आणि ओरडू लागल्या, "थांबवा! कुणीतरी बूच लावा!" पहिली फळी दुसरीवर कलली, दुसरी तिसरीवर, आणि पाहता पाहता सर्व राज्यांच्या सीमा एकावर एक आडव्या जाहल्या. केशवरावांचा किल्ला कोणा शत्रूशी न लढता तुसाखाली गेला. आमचे सासरे नाकापर्यंत बुडाले, त्यांचे डोळे तेवढे वर राहिले. सर्व शांत जाहल्यावर जाड दार उघडून कुमुदिनी बाहेर आली, तिने या मैदानाकडे पाहिले आणि विचारिले, "आवडला का मारवा?"

मग कित्येक दिवस आम्ही तूस उपसले. पोल्ट्रीवाले टेम्पो घेऊन आले आणि कोंबड्यांखाली पसरायला घेऊन गेले. नाकात तूस, कानात तूस, आमटीत तूस. त्या दिवसांत भांडणे जाहली नाहीत, कारण तोंड उघडले की तूस आत जाई. फळ्या तूर्त गच्चीवर नेऊन ठेविल्या. फरशी धुतली, तेव्हा खडूच्या रेघाही गेल्या. सत्यभामाबाईंकडे जाऊन "आता या" म्हणावयाचे कोणास धैर्य होईना, शेवटी हलीमाआपा गेल्या. त्या म्हणाल्या, "बाई, जमीन मोकळी झाली." बाई म्हणाल्या, "तुमच्या मनाने केली की तुसाने?" आपा म्हणाल्या, "तुसाने. पण मनंही बरीच झाडून निघाली."

दुसरे दिवशी हातगाडीवर बसून गोधडीची स्वारी आली. चौघांनी उतरविली, सर्वांनी मिळून उलगडली, घडीमागून घडी, आणि ती दालनभर अशी पसरली की आम्हांस भिंतीस पाठ लावून उभे राहावे लागले. लाल, हिरवे, चिंचेच्या रंगाचे, धुवून धुवून पांढरे पडलेले, शेकडो तुकडे आणि त्यांवरून मुंग्यांच्या रांगेसारखा धावदोरा. तिरकी होती, एक बाजू दुसरीहून वीतभर लांब होती. बाई कठडा धरून सज्ज्यावर चढल्या, खुर्चीत बसल्या आणि पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "मधलं दिसतंय. कडा दिसत नाहीत."

आम्ही म्हणालो, "बाई, मान वळवून पाहा."

"वळवली. एक कड धरली की दुसरी सुटते." मग त्यांचा तोच जुना आवाज आला, "अशा खांबासारख्या उभ्या राहू नका. एकेकीने एकेक कड घ्या. केशवराव, तुम्हीपण. तुमच्या पायाशी काय आहे ते मोठ्याने सांगा. मी मधून बघते, तुम्ही कडेने सांगा."

जन्मभर आम्ही आपापल्या कलेविषयी बोललो होतो, दुसरीच्या कामाकडे वाकून पाहण्याचा हा पहिलाच प्रसंग. मंदाताई वाकल्या आणि सांगू लागल्या, "इथं निळा चौकोन आहे, त्याला लागून पिवळा, मग जरीचा पदर... बाई! हा माझा पैठणीचा पदर!" केशवराव ओरडले, "अहो, हा माझा निवृत्तीचा फेटा! मी सूनबाईवर आळ घेतला होता, भंगारवाल्याला दिलास म्हणून!" कुमुदिनी किंचाळली, "तंबोऱ्याची गवसणी!" आणि आमच्या पायाशी पांढऱ्या गुंड्यांचे आमचे जांभळे पोलके, परटाने हरविले म्हणोन ज्याच्यावरून आम्ही तीन परीट बदलिले ते, चार तुकडे होऊन निजले होते. एकट्या हलीमाआपा शांत होत्या. "माझी ओढणी मी स्वतः दिली होती," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे मागितली होती."

आम्ही वर पाहून ओरडलो, "बाई, हे चोरलंत तुम्ही!"

"हो. मागितलं असतं तर दिलं असतंस?"

"नाही!"

"म्हणून नाही मागितलं. आणि तू जाड झाली होतीस, ते पोलकं तुला होणार होतं थोडंच? ओरडू नकोस, पुढचं सांग. कडेपर्यंत धड आहे ना? कुठं उसवलेलं नाही ना?"

तेव्हा आम्ही पायाशी निरखून पाहिले. पंचवीस वर्षे पलंगाखाली दबून गोधडीच्या कडा जागोजाग उसवल्या होत्या. आमच्या कोपऱ्यात पोलक्याची बाही सुटून आतल्या जुन्या लुगड्याची दशी बाहेर आली होती. आम्ही म्हणालो, "नाही बाई, छान आहे." मंदाताई म्हणाल्या, "इकडंही छान." केशवराव म्हणाले, "एकदम मजबूत." बाईंनी ऐकून घेतले आणि खुर्चीतून उठल्या. "पाचवीतल्या पोरी यांच्यापेक्षा बरं खोटं बोलत," ऐसे म्हणत कठडा धरून एकेक पायरी उतरल्या, चपला काढिल्या, गोधडीवर बसल्या आणि पिशवीतून सुया काढिल्या. मधली नजर शाबूत होती, सुईच्या नेढ्यापुरते त्यांस स्वच्छ दिसे. दोरा ओवीत आमच्याकडे न पाहता बोलिल्या, "घ्या. ज्याचं कापड त्यानं शिवायचं. सरळ धावदोरा, बोटाच्या अंतराने. मला चालत यायला लावू नका."

आम्ही बसलो. केशवरावांनी सुई आगकाडीसारखी धरिली आणि प्रथम अंगठा शिवला. मंदाताईंचा दोरा तिरका गेला, त्या सवयीने म्हणाल्या, "उजेड नाही," आणि मग गवंड्याने मागाहून आरपार नेलेल्या भिंतीतल्या भोकाकडे पाहून मान खाली घालून पुढचा टाका घातला, कारण तेथून उजेड नेमका त्यांच्या मांडीवर आला होता. आम्ही सरकत सरकत बाईंजवळ गेलो आणि हळूच पुसिले, "सबंध दिसली का हो?"

"तुकड्यातुकड्यानं दिसली," बाई म्हणाल्या. "शिवलीपण तशीच होती. तुझा टाका सुटला."

आम्ही पाहिले, सुटला होता. उसवून पुन्हा घातला.

येणेप्रमाणे पडक्या बर्फखान्याचे कलास्थान जाहले. त्यात निपजलेली पहिली कलाकृती म्हणजे जुन्या गोधडीची शिवण, आणि तीही वाकडी. फळ्या अद्याप गच्चीवर आहेत. उद्या लावू, ऐसे रोज ठरते. पारवे तह पाळितात. बाईंची नजर आता सुईपुरतीच उरली आहे, गोधडी मात्र दर खेपेस वीतभर वाढते आणि परटांवर कोणी आळ घेत नाही. सुनांनी आपली ओढणी जपावी, अथवा दुपारी घेऊन यावे. कळावे.