इंजिन येईपर्यंत

“येतंय! अखेर येतंय!” असं ओरडत चष्मेवाले स्वयंपाकघरात शिरले, तेव्हा त्यांच्या बायकोला वाटलं, गळका नळ दुरुस्त करणारा येतोय. तिने लगबगीने ओट्याखालची भांडी बाहेर काढायला घेतली.

“अगं, नळवाला नाही. इंजिन!”

“कसलं इंजिन?”

“आमचं! बाबांचं!”

चष्मेवाल्यांनी उभा जन्म चौकातल्या दुकानात लोकांच्या नाकांवर चष्मे बसवण्यात घालवला होता. दुकान विकल्यावर मात्र त्यांनी घराच्या मागच्या खोलीत एका लांबरुंद प्लायवुडवर आपलं लहानपण मांडायला घेतलं. त्यांचे वडील इंजिनाच्या भट्टीत कोळसा ओतणारे फायरमन होते आणि घर होतं रुळांच्या कडेला. त्यामुळे त्या फळीवर बोटभर उंचीचं स्टेशन, काड्यांचं कुंपण, हिरव्या रंगवलेल्या भुशाचं गवत, गोल फिरणारे रूळ असं सगळं तयार होतं. नव्हतं ते फक्त इंजिन. बाजारात छोटी इंजिनं पुष्कळ मिळत, पण बाबांच्या इंजिनाच्या जातीचं एकही नव्हतं. आणि आता खेळण्यांच्या दुकानदाराचा फोन आला होता की कंपनी नेमकं तेच काढते आहे. अगदी हुबेहूब. पोटात बारीकसा कर्णा, आणि त्यातून खऱ्या इंजिनाची शिट्टी. कुठल्याशा संग्रहालयात जपून ठेवलेल्या इंजिनात मुद्दाम वाफ कोंडून रेकॉर्ड केलेली.

“महिनाअखेर तुमच्या हातात ठेवतो, काका,” दुकानदार म्हणाला होता.

आनंद झाला की माणसाला तो एकट्याने पेलवत नाही. चष्मेवाल्यांनी त्याच भरात परगावी लेकाकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीला फोन लावला. तिथेच ते चुकले.

“ताई, बाबांचं इंजिन येतंय. तू बघायला ये.”

“येते,” ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. बहुधा बॅग भरायलाच.

इंजिनाच्या आधी ताई आली. दोन बॅगा, एक वळकटी आणि स्वतःची उशी घेऊन आली. बॅगा बघून चष्मेवाल्यांच्या बायकोला काही वाटलं नाही, पण उशी बघून तिने तांदळाचा डबा उघडून पाहिला.

महिनाअखेर आली. चष्मेवाले ठेवणीतला शर्ट घालून दुकानात गेले आणि हात हलवत परत आले.

“रंगाचं काहीतरी बिनसलंय म्हणे कारखान्यात. पुढच्या महिन्यावर गेलं. ताई, तुला उगाच त्रास दिला गं मी.”

“त्रास कसला? मला कुठे ऑफिस गाठायचंय? आता आलेच आहे तर बघूनच जाते. पुन्हा कोण हेलपाटे घालणार!”

आता प्रश्न आला झोपण्याचा. पाहुण्यांची खोली म्हणजे मागची खोली आणि तिथे तर रूळ. ताईच्या गुडघ्यांना पलंग लागे, म्हणून ताई आणि बायको पलंगावर गेल्या आणि चष्मेवाल्यांची गादी प्लायवुडखाली गेली. रोज सकाळी जाग आली की ते सवयीने ताडकन उठून बसत, डोकं फळीवर आपटे आणि वरती अख्ख्या स्टेशनात भूकंप होई. सिग्नल तर रोजच आडवा पडे. चहाच्या आधी सिग्नल उभा करायचा, हा घराचा रिवाजच होऊन बसला.

एका दुपारी ताईने चष्मा लावून रुळांची पाहणी केली.

“हे काय?”

“बोगदा.”

“आपल्याकडे कुठे होता बोगदा?”

“नव्हता. पण शोभतो की नाही?”

“शोभतो म्हणून उद्या समुद्र आणशील!”

बोगदा गेला. तो मुळात बायकोच्या शिवणाच्या डब्याचं झाकण असल्यामुळे तिला तो ताईचा पहिला उपकार वाटला. पण ताई तिथे थांबली नाही. पाण्याची टाकी इंजिनाच्या शेडच्या पलीकडे कशी? ती अलीकडे होती. टाकी हलवायची तर रूळ उचलायला हवेत, रूळ उचलायचे तर स्टेशन, स्टेशन उचललं तर कुंपण. चष्मेवाल्यांनी सगळं उखडलं आणि ताईच्या आठवणीप्रमाणे मांडलं. मग चार दिवस त्यांना ते परक्याच्या घरासारखं वाटत राहिलं, म्हणून त्यांनी ते गुपचूप थोडं पूर्ववत केलं. ताईला ते नजरेच्या एका फेरीत कळलं.

“छोट्या, मी शेडवर बाबांचा डबा घेऊन जायचे, तेव्हा तू दुपट्यात होतास. मला शिकवतोस?”

“मग इंजिनाचा रंग सांग बघू.”

“हिरवा. गर्द हिरवा.”

“काहीतरीच! काळंकुळकुळीत होतं. मी रोज कुंपणावरून बघायचो. जन्मभर लोकांचे डोळे तपासलेत मी, ताई!”

“लोकांचेच ना? आता स्वतःचे तपास.”

दोघेही आशेने चष्मेवाल्यांच्या बायकोकडे बघू लागले. “मी लग्न होऊन आले तेव्हा वाफेची इंजिनं भंगारात गेली होती,” ती म्हणाली, “आणि आता वाटतं, गेली ते बरंच झालं.”

दुसरा महिना संपता संपता दुकानदाराचा पुन्हा फोन आला. रंगाचं जमलं होतं, पण शिट्टी कंपनीच्या मनासारखी उतरली नव्हती. ती पुन्हा टिपणार होते.

“बरोबर आहे त्यांचं,” चष्मेवाले म्हणाले. “शिट्टीच नीट नसेल तर काय अर्थ आहे?”

“अगदी बरोबर,” ताई म्हणाली. दोघांचं एकमत झालं ते नेमकं याच एका गोष्टीवर.

बायको त्या संध्याकाळी भाजी आणायला म्हणून बाहेर पडली आणि तडक खेळण्यांच्या दुकानात गेली.

“काकू, माझ्या हातात काही नाही हो,” दुकानदार काकुळतीला आला. “आलं की पहिलं तुमच्याकडे.”

“तोवर तसंच दिसणारं दुसरं कुठलंही द्या. वाफेचं, जुनं, काळं.”

“अहो पण ते ते नव्हे. काकांच्या लक्षात येईल.”

“त्यांचं मी बघते. आमच्या वन्संचा चष्मा जाड आहे.”

दुसऱ्या दिवशी खोका टेबलावर आला. “आलं बाई एकदाचं!” बायको टाळी वाजवून म्हणाली. चष्मेवाल्यांनी झाकण काढलं, आत पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. त्याच क्षणी बायकोने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. नुसता दाबला नाही, वर उभीच राहिली.

“वा,” चष्मेवाले म्हणाले. “हु… हुबेहूब.”

ताईने इंजिन उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. मग ते खाली ठेवून ती भावाकडे बघत राहिली.

“पुढची लहान चाकं कुठायत? धुरांडं आखूड आहे. रंग काळा आहे. आणि खोटं बोललास की तुझा डावा कान लाल होतो, तो तेवढा हुबेहूब आहे.”

त्या दिवसापासून ताईचा त्या घरातल्या कशावरच विश्वास राहिला नाही. चहा पुढे केला तर ती आधी वास घेई. “आज गुरुवार,” असं कुणी म्हटलं तर उठून कॅलेंडर बघे. बायको दिवसेंदिवस गप्प होत गेली, आणि तिच्या गप्प होण्याचा अर्थ इतक्या वर्षांच्या संसारानंतर चष्मेवाल्यांना चांगला ठाऊक होता. फळीखाली पडल्या पडल्या ते विचार करत, की इंजिन आलं नाही तर ताई जायची नाही, आणि ताई गेली नाही तर आपल्याला कायमचंच इथे राहावं लागेल.

आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, एका भर दुपारी दुकानदार स्वतः खोका घेऊन दारात उभा राहिला.

चष्मेवाल्यांनी खोका मागच्या खोलीत नेऊन उघडला. त्यांनी कागद बाजूला केला. पुढची लहान चाकं होती. उंच धुरांडं होतं. फायरमनची खिडकी होती, आणि तिच्या आत टाचणीएवढं फावडंसुद्धा. फक्त एक गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना. इंजिन हिरवं होतं. गर्द हिरवं.

“ताई,” ते म्हणाले, “जिंकलीस तू.”

ताईने चष्मा सारखा केला. “रंगवलंत,” ती म्हणाली.

“काय?”

“मी हिरवं म्हटलं म्हणून हिरवं रंगवून आणलंत. मला काय खुळी समजता?” आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने अंगठ्याचं नख लावून बॉयलर खरवडायला सुरुवात केली.

“काकू! काकू, नको!” दुकानदार ओरडला.

रंग निघाला नाही. तरी ताईची खात्री पटेना. “आजकाल रंग चांगले येतात,” असं म्हणून ती खिडकीकडे तोंड करून बसली. दुकानदाराने घाम पुसला आणि काढता पाय घेतला. चष्मेवाल्यांनी इंजिन रुळांवर ठेवलं. आता ताईला पटवत बसण्याचं त्राण त्यांच्यात नव्हतं. त्यांनी कळ फिरवली, इंजिन हललं, स्टेशन ओलांडून वळणाशी आलं, आणि त्यांनी शिट्टीचं बटण दाबलं.

एक लांब, खोल, शेवटाला किंचित चिरकणारी शिट्टी मागच्या खोलीत घुमली.

चष्मेवाल्यांचे डोळे मिटले गेले. ते कुंपणावर होते, हातात काठी होती, आणि धुरातून बाबांचा काळा हात त्यांना हलताना दिसत होता. मोठ्या कष्टाने डोळे उघडून ते म्हणाले, “ताई, ऐकलंस?”

खुर्चीत ताई नव्हती.

ती स्वयंपाकघरात सापडली. घरातलं सर्वांत मोठं पातेलं तिने नळाखाली भरून गॅसवर चढवलं होतं आणि ती पदर खोचून त्याच्यापुढे उभी होती.

“वन्सं, एवढं पाणी कशाला?” बायकोने हळूच विचारलं.

“कशाला म्हणजे? बाबा आत्ता…” ताई थबकली. तिने पातेल्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. आणि एकदम हसायला लागली. हसता हसता तिने पदराने डोळे टिपले.

“वळणावर शिट्टी झाली की आई हाक मारायची, पोरी, पाणी ठेव. बाबांच्या आंघोळीला दोन पातेली लागायची. मी खेळ टाकून धावत आत. माझ्यावर आलेला डाव कधी पुरा झाला नाही बघ. हा कुंपणावर चढून हात हलवायचा आणि मी चुलीपुढे फुंकणी घेऊन. डबा द्यायला शेडवर जायचे तेव्हा तिथे उभं असायचं धुतलेलं, हिरवंगार. पण वळणावरून येताना…” तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. “वळणावरून येताना मी ते एकदाही पाहिलं नाही, छोट्या.”

शेडमध्ये चष्मेवाले कधी गेले नव्हते. त्यांना दिसायचं ते दिवसभराच्या काजळीनं माखून काळं झालेलं इंजिन. त्यांनी ताईला हाताला धरून मागच्या खोलीत आणलं, वळणासमोर खुर्ची ठेवली आणि तिला बसवलं. बायकोने गॅस बंद केला आणि तीही दारात येऊन उभी राहिली.

इंजिन वळणावरून आलं.

“पुन्हा,” ताई म्हणाली.

पुन्हा आलं. मग पुन्हा. जेवणाची वेळ टळून गेली तरी येतच राहिलं. मधेच एकदा ताईने हात उंच करून हलवला, आणि दोघांनीही तो न पाहिल्यासारखं केलं.

चार दिवसांनी ताईने बॅगा भरल्या, वळकटी बांधली, उशी काखेत मारली आणि दारात उभं राहून शांतपणे सांगितलं, “इंजिन मी नेते.”

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने अशा काही नजरेने त्यांच्याकडे पाहिलं, की त्यांनी मुकाट्याने खोका ताईच्या हातात दिला.

आठवडाभर घरात शांतता होती. चष्मेवाले रिकाम्या रुळांपुढे बसून राहत. मग ताईचा फोन आला.

“छोट्या, अरे हे टेबलावर सरळच पळतं आणि खाली उडी मारायला बघतं. वळण नाही तर मजा नाही. तू रूळ घेऊन ये.”

बायकोने प्लायवुडचे तुकडे सुटे करण्यात जी मदत केली, तशी मदत तिने त्यांना आयुष्यात कशातच केली नव्हती. वळकटी तर तिने आधीच बांधून ठेवली होती.

भाच्याच्या घरातलं जेवणाचं टेबल भिंतीला लागलं आणि हॉलभर रूळ पसरले. भाचेसून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा दोघं भावंडं जमिनीवर बसून हमरीतुमरीवर आली होती.

“वळण डावीकडे होतं!” ताई म्हणत होती.

“उजवीकडे! तू पाहिलंस कुठे?”

“आता पाहिलंय ना मी, रोज पाहतेय!”

भाचेसुनेने एकदा हॉलकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यातल्या वळकटीकडे. “मामा,” तिने शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, “आता किती दिवस राहणार?”

“छे, छे, राहतोय कुठला,” रूळ जोडता जोडता चष्मेवाले म्हणाले. “एवढं डावं-उजवं ठरलं की निघालोच.”