दिगंबररावांचा अस्सल कोट

“नाकीडोळी बेताचीच आहे हो. पण लोकर बघितलीत का? अख्खा कोट निघेल. जपून कापलं तर वर एक कानटोपी.”

मुलांनो, एका जंगलात शेळ्या-बोकडांचं एक खानदानी घराणं होतं आणि त्या घरात नुकतीच एक मेंढी सून म्हणून आली होती. तिचं नाव मृदुला. वरचं वाक्य तिच्या सासूबाई कुंपणापलीकडे सासऱ्यांना म्हणाल्या. मृदुला अलीकडे पाला निवडत होती. वाक्य तिच्यासाठी नव्हतं. तिच्याबद्दल मात्र होतं.

तिने पाला निवडणं थांबवलं नाही.

कोटाचं असं झालं. त्या जंगलात तेव्हा जुन्या वस्तूंची फॅशन आली होती. वाघाने आजोबांच्या वेळची छडी बाहेर काढली. माकड साखळीचं घड्याळ लावून हिंडू लागलं. किती वाजले ते त्याला कळत नसे, पण ते वरचेवर बघे. तेव्हा दिगंबररावांना, म्हणजे मृदुलाच्या सासऱ्यांना, जुन्या वळणाचा लोकरी कोट हवासा वाटला. रुंद कॉलर, बटणांच्या दोन रांगा, गुडघ्यापर्यंत लांब. तो घालून ते संक्रांतीच्या संमेलनात अध्यक्षाच्या खुर्चीत बसणार होते.

त्या जंगलात थंडी वर्षातून अकराच दिवस पडे. ते अकरा दिवस नेमके संक्रांतीच्या सुमारास येत. म्हणजे सासरे कोटात असतील तेव्हा सून उघडी असणार होती.

“सूनबाई, लोकर काय, परत येते,” सासूबाई त्या संध्याकाळी गोड आवाजात म्हणाल्या. “आणि बाहेर का जाणार आहे? घरातल्या घरातच राहील.”

“कधी येते परत, आत्याबाई?” मृदुलाने हळूच विचारलं.

“उन्हाळ्यापर्यंत येईल की.”

मृदुलाने नवऱ्याकडे पाहिलं. शेखर दूरच्या झाडाकडे बघत रवंथ करू लागला. स्वभावाने तो चांगला होता. आई बोलत असली की नेहमी रवंथ करी.

शुक्रवारी शिंपी पक्षी कात्री घेऊन आला. पानं शिवून घरटी करणारा मोठा कारागीर तो. त्याचा टाका शोधून सापडत नसे. त्याने दिगंबररावांना उभं केलं आणि दाढी बाजूला करून गळ्याचं माप घेतलं.

“अस्तर?”

“रेशमी. अस्सल हवं.”

“लोकरीत थोडा कापूस मिसळू का? अंगाला हलका जाईल.”

“भेसळ नको. उद्या कोणी हात लावून बघितलं म्हणजे?”

शिंप्याने मान डोलावली. मृदुला पुढे येऊन उभी राहिली. तिच्या पायांना आत्ताच थंडी वाजत होती.

“पोर गुणाची आहे हो,” सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

शिंप्याने कात्री उघडली आणि पुन्हा मिटली. “बटणांचं तेवढं राहिलं, रावसाहेब. प्लास्टिकची लावू?”

“जुन्या वळणाच्या कोटाला प्लास्टिक? शोभेल का ते? अस्सल असतील ती लावा.”

“अस्सल म्हणजे शिंगाची.”

शिंप्याने मान तिरकी केली.

“पुढे आठ, बाह्यांना सहा. एक जोडी पुरेल. चांगली जाडजूड असली तर.”

बोलताना तो दिगंबररावांच्या डोक्याकडे बघत होता. त्यात वाईट हेतू नव्हता. ठाणातलं कापड बघावं तसा बघत होता.

सासूबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. शेखरचं रवंथ करणं थांबलं.

“लाकडाची चालतील,” दिगंबरराव घाईघाईने म्हणाले. “लाकडाचीसुद्धा बरी दिसतात. एवढं कोण बघतंय?”

तेव्हा सासरी आल्यापासून पहिल्यांदाच मृदुला सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“असं कसं, मामंजी? एवढ्या चांगल्या कोटाला बटणांपायी कोणी नाव ठेवायला नको. आधी तुमची शिंगं उतरवू, मग माझी लोकर. मोठ्यांचा मान पहिला.”

तात्पर्य: सुनेने मोठ्यांच्या हौशीला कधीही नाही म्हणू नये. अगदी शेवटच्या बटणापर्यंत मनापासून मदत करावी.