फाटकापुढील खंदकाची हकीकत

वाचकांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, फाटकापुढे खंदक कैसा पडला आणि कोणे मसलतीने बुजला, ते जैसे घडले तैसे लिहिले असे.

गल्लीत शिवणकाम करणाऱ्या मावशी आणि त्यांचे यजमान काका राहात. काका गुडघे गेल्यापासून चाकांच्या खुर्चीवर स्वार. ऐशात नळखात्याने फाटकापुढे खंदक खणिला, नळ घातला आणि कूच केले. बुजविणे रस्तेखात्याचे, ऐसे नळखाते म्हणे, आणि खणील त्याने बुजवावे, ऐसे रस्तेखाते म्हणे. मग काकांची स्वारी घरात कोंडली आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडील दोस्तमंडळींची बैठक काकांवाचून भरो लागली. काका तक्रार करीत नसत, खिडकीशी खुर्ची लावून बसत, आणि तेच मावशींस फार लागे.

रविवारी दोन्ही लेकी परमुलखांतून फोनवर हजर जाहल्या. थोरलीने वर्तमान सांगितले की तिकडे पाणी, रस्ते, शाळा, आगीचे बंब, अवघा कारभार एका नगरपालिकेचा, सबब ढकलावयास दुसरे खातेच नाही. धाकटीने सांगितले की तिकडे महापौर मिरविण्यापुरता, खरा अंमल पगारी कारभाऱ्याचा, आणि भर सभेत हरएक रहिवासी त्यास जाब पुसतो. मग कोणता मुलूख थोर यावरून बहिणींत रण माजले.

"अगं, ते राहू दे," मावशी म्हणाल्या. "तिकडे साहेब खड्डा बघायला येतात का, तेवढं सांगा."

"येतात की," दोघी म्हणाल्या.

मग मावशींनी मसलत केली. नळसाहेबांस कळविले की रस्तेसाहेब सकाळी पाहणीस येऊन दोष आपल्या माथी मारणार, आणि रस्तेसाहेबांसही उलट तेच कळविले. सबब दोन्ही सरदार खंदकाच्या दोन काठांवर दाखल जाहले आणि एकमेकांकडे बोटे करो लागले. तो मावशींनी काकांची खुर्ची फाटकातून खंदकाच्या काठाशी आणिली.

"आधी यांना पलीकडे न्या. भांडण मग करा."

निरुपाय होऊन दोघांनी खुर्ची उचलिली. रस्तेसाहेबांचा पाय गुडघाभर चिखलात गेला, आणि नळसाहेबांनी एका हाते खुर्ची, दुसऱ्या हाते रस्तेसाहेब सावरिले.

"सावकाश," काका वरून म्हणाले. "मला काही ऑफिस गाठायचं नाही."

पलीकडे पोहोचताच रस्तेसाहेबांनी खडी मागविली आणि नळसाहेबांनी माणसे. दुपार कलते तो खंदक सपाट जाहला. काम कोणत्या खात्याचे, हा वाद अद्याप चालू असे.

काका न्हाव्याकडे गेले ते दिवेलागणी जाहली तरी परतले नाहीत. मावशींनी जेवण दोनदा गरम केले, परंतु बोलावणे धाडिले नाही. मोहीम फत्ते जाहली, ऐसी नोंद केली असे.